आकड्याआधी थांबणारी आत्या

आत्याने विमानाला साफ नकार दिला तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. सगळी नोकरी रेल्वेत काढलेली बाई ती. ज्या गाडीला फलाट नाही तिच्यात मी पाय ठेवणार नाही, एवढं एकच वाक्य बोलली आणि विषय मिटला. मग तिच्या भाचीने, भिंगरीने, रात्रीची गाडी आणि पुढे बंदरावरून सकाळची बोट अशी तिकिटं काढली. आत्याला सोडून जाण्याची सोय नव्हती. या खेपेला सगळं घोडं आत्यापाशीच अडलेलं होतं.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. तिला जन्मापासून दिसत नाही आणि जन्मापासूनच ती एका जागी ठरत नाही. दिवसा ती एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. संध्याकाळी मात्र ती 'वाचक'ची असायची. वाचक म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारा प्रोग्राम. ठिकठिकाणची माणसं तो हौसेने, फुकट सांभाळत. त्यांतल्या बऱ्याच जणांना भिंगरीसारखंच दिसत नव्हतं. वर्षातून एकदा ही मंडळी एका गावात जमत, दोन दिवस कडाकडा भांडत आणि नव्या आवृत्तीत काय घ्यायचं ते ठरवून घरी जात.

यंदा आवाजाचं ठरणार होतं. वाचकचा जुना आवाज आपली भाषा अशी बोलायचा की कुणी पाहुणा पाठ करून परीक्षेला बसलाय. भिंगरीने त्यावर घरातलाच उपाय काढला होता. आत्या स्टेशनवर घोषणा करायची. तिचा आवाज म्हणजे खणखणीत नाणं, आणि आत्याला ते कुणी सांगायची गरज नव्हती. भिंगरीने तिला गाद्या-उशा रचलेल्या खोलीत बसवून महिनोन्‌महिने वाक्यं बोलून घेतली, त्यातून आवाज घडवला आणि थोड्या लोकांना वर्षभर वापरायला दिला. आता मंडळींनी होकार दिला की तो सगळ्यांचा होणार होता. नाही दिला, तर एका कंपनीने देऊ केलेला गुळगुळीत आवाज रांगेत उभाच होता.

मंडळींचा एक नियम मात्र पक्का होता. ज्याचा आवाज, त्याने स्वतः येऊन सगळ्यांसमोर बोलून परवानगी द्यायची. कागदावरची सही चालत नसे, कारण सही अर्ध्या सभेला दिसणारच नव्हती. म्हणजे आत्या ऐन वेळी नाही म्हणाली तर सगळं मुसळ केरात.

आणि आत्याने नाही म्हणावं असं एक कारण भिंगरीने स्वतःच तयार करून ठेवलं होतं. वाचकचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थांना सगळे पाठीमागे थंडोबा म्हणत. त्यांनी आवाज ऐकून एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं: आवाज चांगला आहे, पण प्रत्येक आकड्याआधी बाई काहीतरी विसरल्यासारख्या थांबतात. भिंगरीच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. ती लहानपणापासून तेच ऐकत आली होती. तपासलं तर खरंच, कुठलाही आकडा आला की आत्या आधी क्षणभर गप्प. भिंगरीने मग एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि सभेत ऐकवायच्या आवाजातून ती सगळी थांबणी कापून टाकली; वापरून बघणाऱ्यांकडे पहिलाच राहिला. काम झकास झालं. आत्याला सांगायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, तिने ते राहू दिलं.

गाडीत आत्या खुशीत होती. प्रत्येक स्टेशनावर ती खिडकीशी कान लावून तिथल्या घोषणेला गुण द्यायची. एकीने शब्द गिळले, दुसरीला घरी जायची घाई होती, तिसरी तर म्हणे मशीनच होती, तिच्याबद्दल काय बोलायचं. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ आधी कौतुकाने ऐकत होते, मग नुसते ऐकत होते, आणि दिवे मालवल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

अंधारात भिंगरीने मांडीवर लॅपटॉप घेऊन काम सुरू केलं. पडदा ती कायम बंदच ठेवायची. जे बघायचंच नाही त्याला उजेड कशाला? थोड्या वेळाने ते गृहस्थ हळूच म्हणाले की ताई, तुमची बॅटरी गेलेली दिसते, खाली प्लग आहे. भिंगरीने आभार मानले आणि टायपिंग चालूच ठेवलं. गृहस्थ त्या काळ्या पडद्याकडे बघत बराच वेळ जागेच राहिले.

आत्यालाही झोप नव्हती. तिने भिंगरीच्या कानातलं ऐकायचं एक यंत्र मागून घेतलं आणि आपल्या कानात घातलं.

"ही मी आहे?" तिने विचारलं.

"तूच."

"मग माझ्या मागे कुत्रं लागलंय का?"

भिंगरीला हसू आवरेना. आम्ही सगळे इतक्याच वेगाने ऐकतो, सवय होते, असं तिने समजावलं. आत्याला ते पटलं नाही, पण आवडलं. आपण इतकं भरभर बोलू शकतो याचा तिला अभिमानच वाटला. तिने वेग कमी करायला लावला आणि डोळे मिटून स्वतःलाच ऐकत बसली. मग एका वाक्यात एक तारीख आली. आत्याने डोळे उघडले.

"हे मी बोललेली नाही."

भिंगरीने वाचक थांबवला.

"पुन्हा लाव." तिने पुन्हा लावलं. "इथे मी थांबले होते. कुठे गेलं ते?"

मग सगळं सांगावंच लागलं. थंडोबाचं उत्तर, तो छोटा प्रोग्राम, कापाकापी. सगळं ऐकून झाल्यावर आत्या खालच्या आवाजात बोलू लागली. स्टेशनाचं छत उंच असतं, ती म्हणाली. बोललेला शब्द वर जातो आणि परत येतो. तो खाली उतरेपर्यंत थांबायचं आणि मग फलाटाचा आकडा टाकायचा, नाहीतर आकडा त्याच्याखाली चिरडला जातो आणि म्हातारी माणसं भलत्याच जिन्याने पळत सुटतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी अशीच एक म्हातारी जिन्यावर पडली, तेव्हा ती शिकली होती.

"पण आत्या, माझी माणसं फलाटावर नसतात. ती कानात घालून ऐकतात. दिवसभर आकडे असतात त्यांना."

"ते मला सांगायचं होतंस. मी थांबण्याआधी आवाज खाली आणते. तू थांबणं कापलंस, खाली आणणं तसंच राहिलं. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं वाटतंय ते. लोक म्हणतील, बाईला बोलता येत नव्हतं."

"कुणी म्हणणार नाही."

"मी म्हणतेय ना. असा कापलेला आवाज मी कुणाला देणार नाही. माझा आवाज मला परत दे."

एवढं बोलून तिने कानातलं काढून भिंगरीच्या हातात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. भिंगरीला वाईट वाटलं, रागही आला, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे काय करावं ते कळेना. सरळ विचारलं असतं तर? पण विचारलं असतं तर आत्या तेव्हाच नाही म्हणाली असती, असं तिने स्वतःला समजावलं. समजूत काही पटली नाही.

सकाळी बंदरावर आत्याने अबोला धरला होता, पण भिंगरीचं कोपर सोडलं नव्हतं. पायरी, उंबरा, ओली फळी, सगळं ती बोटाच्या दाबाने सांगत होती. बोटीच्या मोठ्या बैठकीत त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. खाली इंजिन घुमत होतं, कपबशा किणकिणत होत्या, आणि बोट अशी सावकाश डुलत होती की पोटाला कळावं पण तक्रार करता येऊ नये. भिंगरीने मशीन उघडलं. कापलेला आवाज लावायची हिंमत झाली नाही. तिने आत्याचाच आधीचा, न कापलेला लावला आणि काम करू लागली.

चहा आला तसा अबोला थोडा सैल झाला. तुला जे ऐकू येतं ते मलाही ऐकू दे, आत्या म्हणाली. भिंगरीने कानातलं काढलं, आवाज टेबलावर मोकळा सोडला आणि आत्यासाठी वेग उतरवला. ती प्रोग्राम तपासत होती. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, आणि वाचक प्रत्येक ओळीआधी तो सांगतो. आधी 'ओळ' हा शब्द, मग आत्या थांबली, मग क्रमांक. पुढची ओळ, पुन्हा थांबली, पुन्हा क्रमांक. भिंगरी बोटं वर धरून वाट बघायची, आकडा आला की बोटं खाली आणायची, पुन्हा वर धरायची. तिला स्वतःला ते जाणवतही नव्हतं. आत्या मात्र तिच्या बोटांकडेच बघत होती. चहा निवला तरी तिने कप उचलला नाही.

"दिवसभर असंच चालतं?"

"दिवसभर."

"आणि मी दर वेळी तुला ताटकळत ठेवते."

आत्याने निवलेला चहा एका घोटात संपवला. कापलेलं तरीही चालणार नाही, असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली. पण हे म्हणताना तिच्या आवाजातली रात्रीची धार गेली होती, आणि आवाजाच्या बाबतीत भिंगरीचा कान सहसा चुकत नसे.

सभा एका जुन्या गोदामात होती. गोदामाचं सभागृह केलं होतं, छत स्टेशनासारखंच उंच. आत शिरताच आत्या चक्रावली. पांढऱ्या काठ्यांची टकटक, टेबलाखाली शहाण्यासारखी पहुडलेली कुत्री, आणि प्रत्येक येणारा माणूस दारातच मोठ्याने आपण कोण ते सांगतोय. हा तिथला रिवाज होता, कारण न बोलता आत आलेला माणूस तिथे आलेलाच नसायचा. आत्याला हा रिवाज एकदम पसंत पडला. तिनेही दारात उभं राहून अशी काही ओळख दिली की लांबच्या कोपऱ्यातलं एक कुत्रं उठून बसलं.

चहाच्या टेबलापाशी आत्याने साखर कमी घालायला सांगितलं, आणि शेजारची एक बाई हातातला कप तसाच धरून थबकली.

"तुम्हीच का त्या?" बाईंनी विचारलं. "वर्षभर तुम्ही माझ्याकडे आहात."

त्या वकील होत्या. आवाज वापरून बघणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक. त्यांची कागदपत्रं, निकाल, घरची पत्रं, मुलाच्या शाळेच्या सूचना, सगळं वर्षभर आत्याने वाचलं होतं. आत्याने विचारलं की एखादी वाईट बातमीही वाचली का मी?

वकीलबाई म्हणाल्या, वाईट ठरता ठरता राहिलेली एक वाचली. त्यांच्या आईच्या तपासणीचा निकाल फोनवर आला होता. त्यात एक आकडा होता, आणि सगळं त्या आकड्यावर होतं. "तुम्ही त्याच्याआधी थांबलात. तेवढ्यात मी खुर्ची धरली. मग तुम्ही सांगितलात. चांगला होता."

आत्याने भिंगरीचं कोपर असं दाबलं की ऐक, ऐक म्हणावं. भिंगरीला वाटलं, आता आत्या कशाला ऐकतेय? संपलंच सगळं.

पण आत्या पक्की. तिला कौतुक हवं होतं, पण निम्मं नको होतं. "आणि इतर दिवशी?" तिने विचारलं.

वकीलबाई हसल्या. "खरं सांगू? माझ्या प्रत्येक कागदात कलमांचे आकडे. इतर दिवशी तुमचा गळा धरावासा वाटतो."

आत्याच्या तोंडावर असं बोललेलं माणूस भिंगरीने आजवर ऐकलं नव्हतं. आत्याने कप बशीत ठेवला, बशी टेबलावर ठेवली, आणि बाईंच्या हातावर हात ठेवून म्हणाली की तुमची आई बरी आहे ना, मग झालं. मग ती भिंगरीकडे वळली.

"कापायचं नाही. मी न थांबता पुन्हा बोलते. आवाज घुमणार नाही अशी एखादी खोली बघ."

खोली मिळाली ती कोट ठेवायची. सगळ्यांचे जाडजूड कोट दोन्ही बाजूंना दाटीने लटकत होते. त्यांच्यात आवाज असा मुरायचा की गाद्यांची खोली फिकी पडावी. आत्या कोटांच्या मधोमध खुर्ची टाकून बसली आणि भिंगरीने तिच्या तोंडासमोर माईक धरला. आकड्यांच्या वाक्यांचे कागद आत्याच्या मांडीवर होते. तिने घसा साफ केला, पहिलं वाक्य सुरू केलं, आणि आकड्याआधी थांबली.

पुन्हा केलं. पुन्हा थांबली. न थांबायचं ठरवून केलं तर आकड्यावर अशी आदळली की तिलाच हसू आलं. वाक्य उलटं करून बघितलं, चालत चालत बोलून बघितलं, भिंगरीने मध्ये चिमटासुद्धा काढून बघितला. थांबणं काही हटेना. ते आत्याच्या बोलण्यात नव्हतंच, ते तिच्या श्वासात जाऊन बसलं होतं.

"जित्याची खोड," आत्या थकून म्हणाली. "जाऊ दे पोरी. कंपनीचा तो आवाज घ्या."

तिने इतक्या सहज शस्त्रं खाली ठेवलेली भिंगरीला सोसेना. ती कोटांच्या गर्दीत उभी राहून विचार करू लागली. आत्या कधीच थांबत नाही, असं कधी होतं? आणि तिला एकदम आठवलं, की लहानपणी तिने ऐकलेले आत्याचे निम्मे आकडे मुळी स्टेशनावरचे नव्हतेच. तिने माईक चालू केला आणि अगदी सहज म्हणाली, "काय गं आत्या, तू निवृत्त झाल्यावर तिथे ती मशीनची घोषणा बसवली ना, लोक म्हणतात ती बरी आहे."

"बरी?" आत्या म्हणाली. "कोण म्हणतं बरी? पहिल्याच आठवड्यात चार गाड्यांचे फलाट चुकवलेन तिने! मी तीस वर्षांत एकदा चुकले नाही! सकाळी पाचला हजर व्हायचे, ताप एकशे दोन असताना बोललेय मी, बाराव्या फलाटावरचा आंधळा फुलवालासुद्धा म्हणायचा..."

"आत्या."

"काय आहे?"

"थांबली नाहीस."

कोटांच्या त्या खोलीत आत्याचं हसू असं फुटलं की भिंगरीला माईक लांब धरावा लागला. पुढचं काम सोपं होतं. एक वाक्य बोलायचं, राग ओसरला की भिंगरीने नवी काडी टाकायची. शेजारीण, दूधवाला, भिंगरीचे वडील, म्हणजे आत्याचा सख्खा धाकटा भाऊ, सगळ्यांचा उद्धार झाला. लोक कोट न्यायला येऊ लागले तेव्हा आत्याचा घसा बसत आला होता आणि वाक्यं संपत आली होती.

रात्रभर मशीनने नवा आवाज घडवला. सकाळी भिंगरीने तो आत्यापुढे धरला, तर तिने ऐकायलाच नकार दिला. तिथेच ऐकेन, सगळ्यांबरोबर, आणि मग काय ते सांगेन. गाडीतल्या रात्री मनाला लागलेलं अजून पुरतं गेलं नव्हतं, हे भिंगरीला कळलं. तिने आग्रह केला नाही. न विचारता एकदा करून बघितलं होतं, तेवढं पुरे होतं.

सभेत तिची पाळी आली. ती ठणठणीत आवाजात बोलू लागली, तोच मागून कुणीतरी म्हणालं की मोठा पडदा काळाच आहे, आम्हा दिसणाऱ्यांचं काय? भिंगरी पडदा चालू करायला विसरली होती. न दिसणारे मनापासून हसले. मग तिने थंडोबा ज्या वेगाने ऐकत त्या वेगाला आवाज लावला, पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा तो सभागृहभर उसळला आणि आकडे त्यातून सुसाट निघून गेले. कुठे ठेच नाही, कुठे पायरी चुकल्यासारखं नाही.

थंडोबांनी घसा खाकरला. "आता बाई विसरत नाहीत," ते म्हणाले. "आता रागावल्यात."

"मग?" भिंगरीने विचारलं.

"आकडा रागावून सांगितला की लक्षात राहतो. माझा हो."

मग रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने जागेवरून हो म्हटलं. उजवीकडून हो, डावीकडून हो, वकीलबाईंचा हो सगळ्यांत मोठा. आता फक्त एकीचाच राहिला. भिंगरी आत्याला माईकपाशी घेऊन आली. आत्याचं बोट तिच्या कोपरावर होतं, पण काही सांगत नव्हतं.

थंडोबांनी विचारलं की हा आवाज तुमचाच का? माझाच, आत्या म्हणाली, आणि या खेपेला अख्खा आहे. सगळ्यांना वापरायला देता का? देते. राहिला शेवटचा प्रश्न. लोक साधारण पाच वर्षांसाठी देतात, कुणी दहा. तुम्ही किती वर्षांसाठी देता?

"वर्षं कसली मोजता?" आत्या बसलेल्या घशाने म्हणाली. "मी गेले तरी बोलू दे त्याला. हिला घरात कुणीतरी रागवायला हवं."

टाळ्या वाजल्या, काठ्या वाजल्या, कुत्रीसुद्धा उठली. भिंगरीने आजवर त्या आवाजाचं किती काय केलं होतं, मोजला होता, कापला होता, जोडला होता. पण एक दिवस तो असेल आणि आत्या नसेल, हे तिच्या मनात कधीच आलं नव्हतं. ते आता आलं. तिला तिथेच, माईकसमोर, रडू फुटलं.

"रडतेस काय," आत्या तिच्या कानाशी म्हणाली. "लोक बघताहेत."

"निम्म्यांना दिसत नाही, आत्या."

"मग ऐकताहेत. नाक पूस."